पहिली वेलांटी

चष्मेवाल्याच्या दुकानावरची पाटी रंगवून झाली तेव्हा तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘येथे उत्तम चष्मे मळतील.’

चष्मेवाला रस्ता ओलांडून पलीकडे गेला. त्याने पाटी वाचली, स्वतःचा चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा वाचली.

“पेंटर,” तो म्हणाला, “खोटं नाही ते. पण दुकानदाराने स्वतःहून सांगायची गोष्ट आहे का ही?”

शिडी धरून उभी असलेली ताई हसली. पेंटर खाली उतरला, चार पावलं मागे गेला आणि डोळे बारीक करून पाटीकडे बघत राहिला. “काय झालं?” त्याने विचारलं. तो थट्टा करत नव्हता, त्याला खरोखरच काही दिसत नव्हतं. ‘म’च्या डाव्या अंगाला वेलांटीपुरती जागा त्याने मापात मोकळी सोडलेली होती. नुसती वेलांटी तिथे नव्हती. जेवायला पाट मांडावा आणि पाहुण्याला बोलवायचं राहावं, तसं झालं होतं.

ताई त्याची थोरली बहीण. बाजारातले सगळेच तिला ताई म्हणत, अगदी तिच्याहून म्हातारेसुद्धा. आई लवकर गेली, वडील होते पण घरी कमी, त्यामुळे या भावाला तिनेच वाढवला. तो पहिल्यांदा शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायला चढला तेव्हा शिडी तिने धरली होती. ती जी धरली ती धरलीच. मधे तिचं एक लग्नही होऊन गेलं. त्याबद्दल कोणी विचारलं तर ती “माप चुकलं” एवढंच म्हणे आणि विषय बदले. पत्रा घासून गंज काढायचा, त्यावर पांढरं अस्तर मारायचं, खडू लावलेला दोरा ताणून रेघा पाडायच्या, ही तिची कामं. अक्षरं त्याची. ती लिहिण्याची त्याची रीत ठरलेली होती. आधी सगळ्या ओळीची अक्षरं उभी करायची, मग वरची रेघ ओढायची आणि शेवटी काने, मात्रा, वेलांट्या. आधी माणूस उभा करावा, टोपी मग घालावी, असं तो म्हणे.

त्याचं लग्न झालं नव्हतं. त्यामुळे चष्मेवाल्याला आयतीच संधी मिळाली. “ज्याला आयुष्यात पहिली भेटली नाही, त्याच्याकडून पहिली वेलांटी राहणारच,” तो म्हणाला. “दुसरी बघा कशी डौलात काढलीय.”

‘मळतील’ची दुसरी वेलांटी खरोखरच डौलदार होती. ती अक्षराच्या उजवीकडे असते.

पेंटरने वेलांटी काढून दिली. ताईने बोट ठेवून जागा दाखवली तेव्हा त्याला ती दिसली, आणि “अरेच्चा” म्हणून त्याने ती काढली. पण त्याच आठवड्यात घरांच्या दलालाने निरोप धाडला की ‘जागा वक्रीसाठी’ अशी पाटी पाहून गिऱ्हाईक जिन्यावरूनच परत जातं. किल्ल्यावाल्याच्या टपरीवर ‘कल्ल्या’ झाल्या, खिडक्यांच्या कारखान्यावर ‘खडक्या’. कारखान्याच्या पाटीवर तर मोकळी जागाही नव्हती. अक्षरं एकमेकांना खेटून बसली होती, जणू मधे कोणी यायचंच नव्हतं.

ताईला राग आला. हा हलगर्जीपणा आहे असं तिला वाटलं, आणि हलगर्जीपणाची बाकीची लक्षणंही घरात दिसत होती. तो दाढी करून बाहेर येई तेव्हा डावा गाल तसाच असे. ताटातली अर्धी पोळी तो तशीच टाकून उठे आणि वर म्हणे, “आज पोट भरलं नाही.” दाराच्या डाव्या चौकटीशी त्याचं रोज भांडण होई. खांद्यावर निळा डाग पडला होता.

“डोळे उघडे ठेवून चालत जा जरा,” ती म्हणाली.

“दार सरकलंय.”

“दार सरकत नाही रे. दाराला काय पडलंय?”

“मग भिंत सरकली असेल. घर जुनं झालंय,” तो म्हणाला आणि पुन्हा त्याच चौकटीला धडकून बाहेर गेला.

शेवटी चष्मेवाल्यानेच त्याला खुर्चीत बसवून डोळे तपासले. एक डोळा झाकला, मग दुसरा. पेंटरने अगदी खालची बारीक ओळसुद्धा वाचली, पण प्रत्येक ओळ त्याने मधूनच सुरू केली. डावीकडची अक्षरं त्याच्या लेखी नव्हतीच. चष्मेवाला या वेळी काही विनोद करील म्हणून ताई वाट बघत होती. त्याने केला नाही.

“डोळे शाबूत आहेत,” तो म्हणाला. “डोळ्यांच्या मागे काय झालंय ते बघायला पाहिजे. ताई, याच्या त्या गोळ्या चालू आहेत ना? मग त्याच डॉक्टरकडे जा. आजच जा.”

त्या गोळ्यांची गोष्ट सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी पेंटरची दोन्ही मूत्रपिंडं वाढलेल्या रक्तदाबाने गुपचूप खाऊन टाकली. कळलं तेव्हा ताईने स्वतःचं एक दिलं. देताना तिने फार विचार केला नाही. शिडी धरताना तरी कुठे केला होता? ते नवं मूत्रपिंड पोटाच्या खालच्या भागात, उजव्या बाजूला बसवलं. पेंटरने शुद्धीवर आल्या आल्या तिथे हात ठेवला आणि त्याचं नाव ‘ताई’ ठेवलं. तेव्हापासून किडनीच्या मॅडमनी “कसं काय?” असं विचारलं की तो उजवं पोट थोपटून म्हणे, “ताई कामाला आहे, मी आरामात आहे. लहानपणापासून असंच चालत आलंय.” नवीन नर्सचा फार गोंधळ उडे. “ताईंनी सकाळपासून किती लघवी केली?” असं एकीने खुद्द ताईलाच विचारलं होतं.

या किडनीसाठी रोज गोळ्या घ्याव्या लागत. मॅडमनी त्या समजावल्या होत्या. शरीराचा एक पहारेकरी असतो. घरात परका कोणी दिसला की तो त्याला हाकलतो, मग तो पाहुणा का असेना. म्हणून त्याला गोळ्या देऊन कायम अर्धवट गुंगीत ठेवायचं. ताईने हे इतकं मनावर घेतलं की गोळीची वेळ झाली की ती भर बाजारात शिडी हलवून त्याला खाली उतरवी. “गोळी चुकली तर ताई रुसेल हं.” एकही गोळी चुकली नाही. पुढे याचाच तिला पश्चात्ताप करायचा होता, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

मॅडमनी पेंटरला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोघांच्या खोल्या एकाच बोळात, समोरासमोर होत्या. पहिल्या साध्या फोटोत उजवीकडे मागच्या बाजूला पुसटसा डाग दिसला. तो छोटा झटका असावा असं ठरलं, आणि झटक्याच्या गोळ्या सुरू झाल्या. डागाने त्या गोळ्यांची दखल घेतली नाही. थोड्याच आठवड्यांत पेंटर डावा हात वापरायचा विसरला. हात लुळा पडला नव्हता. पण तो आपला आहे हे त्याच्या गावी नव्हतं. रंगाचा डबा त्या हातातून सुटून रस्त्यावर उलटला, तर तो म्हणाला, “कोणाचा सांडला?”

मग मोठ्या मशीनचा फोटो काढायचं ठरलं. आत धातूचं काही चालत नाही, म्हणून मशीनवाल्याने खिसे रिकामे करायला लावले. डबा उघडायची पट्टी निघाली, खिळे निघाले, एक बिजागरी निघाली.

“पत्रे घासता ना तुम्ही?” मशीनवाल्याने विचारलं. “डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?”

“पत्रे ताई घासते. माझ्या डोळ्यात फक्त गिऱ्हाईक खुपतं.”

“हलायचं नाही. आवाज खूप होईल.”

“आणि रंगाचं इंजेक्शन आहे का हो?” ताईने विचारलं. बाहेरच्या बाकावर तिने ऐकलं होतं की आधी शिरेतून रंग सोडतात, म्हणजे डाग उठून दिसतो.

“ते आज नाही. किडनीच्या मॅडमनी थांबवलंय. किडनीला झेपलं पाहिजे.”

“कुठला रंग?” पेंटरने आडवं पडल्या पडल्या विचारलं. “स्वस्तातला असेल तर नकोच. उडतो.”

तो आत सरकला. ठकठक, घरघर, पुन्हा ठकठक. काचेपलीकडे ताई उभी होती, आणि तिचे दोन्ही हात नकळत समोरच्या लोखंडी कठड्याला घट्ट धरून होते. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “आत सुतारकाम चाललंय. माणूस चांगला आहे, पण थांबत नाही.”

मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो पडद्यावर लावला. ते मोजकं बोलत, आणि बोलण्याआधी टेबलावरची वस्तू थोडी सरकवून ठेवत. या वेळी त्यांनी टाचणीची डबी सरकवली.

करड्या मेंदूत उजवीकडे, मागच्या अंगाला, पांढरा पसरट पट्टा होता. त्याला धड कड नव्हती. एका बाजूने तो मेंदूच्या घड्यांच्या अगदी काठापर्यंत गेला होता. पलीकडे, वर, दुसरा लहान डाग होता.

“गाठ असती तर तिने आजूबाजूला ढकललं असतं,” डॉक्टर म्हणाले. “हे कशालाच ढकलत नाही. शांतपणे पसरतंय. झटकाही असा पसरत नाही. मेंदूतल्या तारांवर एक वेष्टन असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. ते उतरत चाललंय. जिथे उतरलंय तिथे पांढरं.”

ताई बघत राहिली. पांढरं अस्तर तिने आयुष्यभर मारलं होतं. जुनी पाटी पुसायची असली की हेच करायचं, पांढऱ्याचा हात फिरवायचा, खालची अक्षरं दिसेनाशी झाली की काम झालं. पण ती अस्तर मारे ते पुढे कोणी काहीतरी लिहिणार असे म्हणून.

“असं कशाने होतं?”

“एक विषाणू आहे. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि झोपून राहतो. काही करत नाही. तुमच्यात असेल, माझ्यातही असेल. पण पहारेकरी गुंगीत असला की क्वचित एखाद्यात तो उठतो आणि मेंदूत जातो. फार क्वचित.” त्यांनी डबी परत जागेवर ठेवली. “पाठीतलं पाणी काढून तपासू. पण चित्र तेच सांगतंय.”

“झोपतो कुठे तो?”

डॉक्टरांनी डबी पुन्हा सरकवली. “बहुतेक वेळा किडनीत.”

“कोणाच्या किडनीत?”

याचं उत्तर त्यांनी खरं दिलं, म्हणजे माहीत नाही असं दिलं. भावाच्या स्वतःच्या जुन्या किडन्यांमध्ये असेल, हाडांत असेल, दुसरीकडे असेल. सांगता येत नाही, आणि सांगता आलं असतं तरी त्याने काही बदललं नसतं. ताईने मान डोलावली. तिने डोलावली म्हणून त्यांना वाटलं पटलं. त्या दिवसापासून ती रस्त्याने चालताना स्वतःच्या कमरेवरच्या जुन्या व्रणावर हात ठेवू लागली, खिसा कापला गेल्यावर माणूस रिकामा खिसा चाचपतो तशी.

पाठीतल्या पाण्यात तोच विषाणू निघाला.

मग बोळातल्या दोन्ही दारांमधले डॉक्टर एका टेबलाशी बसले. मॅडमनी सांगायचं काम स्वतःकडे घेतलं. या विषाणूवर औषध नाही. पहारेकऱ्याला जागं करणं एवढाच उपाय. त्यासाठी गोळ्या बंद करायच्या. तो जागा झाला तर कदाचित चोराला अडवील. कदाचित. पण पाहुणीलाही तो ओळखणार नाही.

“म्हणजे किडनी जाईल,” ताई म्हणाली.

“बहुतेक जाईल. मग पुन्हा मशीनवर रक्त धुवावं लागेल. गोळ्या चालू ठेवल्या तर किडनी छान राहील.” छान किडनी कोणाच्या अंगात राहील, हे त्यांनी ताईवर सोडलं.

पेंटर शेजारीच बसला होता. त्याने उजवं पोट थोपटलं. “ताईला हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “तिचं काम चोख आहे. मला काय झालंय? डावीकडे जरा मंदी आहे, एवढंच.”

आपल्याला काही झालंय हेच त्याला कळत नव्हतं, आणि डॉक्टर म्हणाले की हाही त्या आजाराचाच भाग आहे. त्याला धरून बांधून काही करता आलं नसतं. गोळ्यांची डबी तो उशाशी घेऊन झोपे. घड्याळ बघून स्वतः गोळी घेई, पाण्याचा पेला डावीकडे ठेवलेला असला तर कोरडीच गिळे. ताईने एकदा डबी लपवली तर त्याने घर डोक्यावर घेतलं, अर्थात उजवीकडचं अर्धं. “ताई रुसेल,” तो ओरडत होता. तिचंच वाक्य, तिच्याच चालीत.

तिने समजावलं, रागावली, अबोला धरला. चष्मेवाल्याला आणलं. त्याने परोपरीने सांगितलं, तर पेंटर त्याला म्हणाला, “तुझे चष्मे मळतील ते बघ.” त्या आठवड्यात तो दोनदा पडला, एकदा पायरीवरून आणि एकदा पायरी नसताना. बोलताना शब्द घरंगळू लागले. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, काही ठरलं का. त्यांच्या आवाजात घाई नव्हती. तिला त्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

दुपारी तो खाटेवर बसला होता. ताई त्याच्या उजव्या हाताला येऊन बसली. तिने आयुष्यात भावाशी खोटं बोलायचं काम फारसं केलं नव्हतं. गरज पडली नव्हती. सांगेल ते तो खरंच मानत असे, विशेषतः मापाचं.

“एक मागायचं होतं तुझ्याकडे,” ती म्हणाली.

“माग की.”

“ताई परत दे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. तिचा अर्धाच चेहरा त्याला दिसत असावा.

“दिलेलं परत मागत नाहीत,” तो म्हणाला. “भोवरा दिलास तो मागितला नाहीस. शाईपेन दिलंस ते मागितलं नाहीस.”

“ते मागितलं नाही. हे मागते.”

“कशाला?”

“मला एक पुरत नाहीये. दमायला होतं.”

तिची राहिलेली किडनी उत्तम चालली होती. मॅडमनी गेल्याच महिन्यात तसं सांगितलं होतं. पण त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि ताईने मापात कधी चूक केलेली त्याने पाहिली नव्हती. त्याने उशाखाली हात घातला, गोळ्यांची डबी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

“आधी सांगायचं ना,” तो म्हणाला. “मी उगाच धरून बसलो.”

ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

गोळ्या बंद झाल्या. किडनीने आधी काही दाखवलं नाही, मग एकदम दाखवलं. त्याच्या पायांवर सूज चढली, तोंडाला वास येऊ लागला आणि पहाऱ्यावरचा माणूस पूर्ण जागा झाल्याचं रक्ताने सांगितलं. त्याला मशीनवर घेतलं. आता शिरेतून रंग सोडायला फारशी हरकत नव्हती. मशीनने तो लगेच धुऊन काढता येणार होता, आणि राखायचं म्हणून जे होतं ते संपलं होतं. नव्या फोटोत पांढऱ्या पट्ट्याच्या कडा रंग पिऊन उजळल्या होत्या आणि सूज आली होती.

“हे चांगलं की वाईट?” ताईने विचारलं.

“दोन्ही,” मेंदूचे डॉक्टर म्हणाले. “पहारेकरी तिथवर पोचलाय. पण अंधारात त्याला चोर कोण आणि घरचे कोण ते कळत नाही. सगळ्यांनाच झोडपतोय.” त्यांनी टेबलावर सरकवायला काही शोधलं. टेबल रिकामं होतं.

मधले दिवस वाईट गेले. तो काही ओळखेना. सूज उतरवायची औषधं दिली, तीही भीत भीत, कारण ती पहारेकऱ्याला पुन्हा पेंगुळवतात. त्यानंतरच्या फोटोत पट्टा तेवढाच होता. “वाढलेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. या बोळात याहून चांगला शब्द मिळत नाही, हे ताईला एव्हाना कळलं होतं. गेलेलं परत येणार का, हे तिने विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

निकामी झालेली किडनी बहुधा काढत नाहीत, तिथेच ठेवतात. पेंटरचा हात सवयीने उजव्या पोटावर जाई आणि तिथेच पडून राही.

त्या दिवशी मशीनची घरघर चालू होती. नर्सला उजव्या बाजूच्या नळ्या बघायच्या होत्या, म्हणून ताई खाटेच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. खाटेचा कठडा तिने दोन्ही हातांनी धरला होता. नर्स गेली. पेंटरने डोळे उघडले. तो उजवीकडे बघत होता, जिथे आता कोणी नव्हतं. हाताने त्याने पोट चाचपलं.

“ताई गेली?” त्याने भिंतीला विचारलं.

ही किती दिवसांत त्याने बोललेली पहिली धड गोष्ट होती. ताईने ठरवलं होतं की आता त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. एकदा बोलली तेवढं जन्माला पुरेल.

“गेली,” ती डावीकडून म्हणाली.

“कुठे?”

तो डोकं उजवीकडे वळवत गेला, अजून उजवीकडे, आवाज जिकडून आला त्याच्या नेमका उलट. मान पुरेना तेव्हा थांबला. त्याच्या तोंडावर भीती होती. जत्रेत चुकलेल्या पोराच्या तोंडावर असते तसली.

तिने कठडा सोडला. खाटेच्या पायथ्याला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि त्याच्या नजरेसमोर उभी राहिली. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाटी तपासावी तसं.

“ही काय,” तो म्हणाला. “उगाच घाबरवतात माणसाला.”